मुलांच्या पुस्तकातला मुलूख

पुण्याच्या जुन्या पेठांत वाढणाऱ्या मुलाला ऋतू पालटल्याची वर्दी पंचांगाच्याही आधी मंडईतून मिळते. वैशाखात मावळातून आणि मुळशी-भोरच्या डोंगरांतून उतरलेल्या बायका अष्टकोनी मनोऱ्याच्या त्या दगडी इमारतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, पाने अंथरलेल्या पाट्यांत करवंदे आणि जांभळे मांडून बसतात. श्रावण लागला की आघाडा, दुर्वा आणि मंगळागौरीची पत्री यांचे ढीग पडतात. पावसाळ्याच्या अखेरीस पुरंदरची सीताफळे येतात, दसऱ्याला आपट्याच्या फांद्या, आणि संक्रांतीला ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरे व उसाची कांडी. ज्या मुलाने करवंदाची जाळी जन्मात पाहिलेली नाही, तिच्या काट्यांनी ज्याचे हात ओरबाडलेले नाहीत आणि तिचा चीक ज्याच्या बोटांना चिकटलेला नाही, त्याच्या ओंजळीत एक दिवस करवंदे पडतात आणि ती कुठून आली हे सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. हे सांगण्याचे काम मंडईपासून हाकेच्या अंतरावर, अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत रचून ठेवलेल्या गोष्टींच्या पुस्तकांनी करावयाचे असते. ते काम मराठी बालवाङ्मयाने आजवर कसे केले आणि कुठे करावयाचे राहिले, हा या ग्रंथाचा विषय होय.

बालवाङ्मयाची परीक्षा करताना आपल्याकडे बोधाची चौकशी फार झाली, भाषेची थोडीफार झाली, पात्रांचीही झाली. परंतु गोष्ट ज्या भूमीवर घडते त्या भूमीचा विचार मात्र, चित्राच्या चौकटीकडे जितके लक्ष द्यावे तितकाच, जाता जाता करण्यात आला. ही उपेक्षा मला मान्य नाही. लहान मूल गोष्टीतल्या माणसावर विश्वास ठेवण्याआधी तिच्यातल्या जमिनीवर विश्वास ठेवते. नदी गावाच्या कोणत्या अंगाला आहे, आंब्याच्या झाडावरून विहीर दिसते की नाही, शाळेतून घरी येताना वाटेत ओढा लागतो काय, हे प्रश्न ज्याने मुलाला गोष्ट सांगितली असेल त्याला नक्कीच ऐकावे लागले असतील. आणि सांगणाऱ्याने एकदा पूर्वेला ठेवलेली टेकडी दुसऱ्या दिवशी पश्चिमेला नेली तर ऐकणारा त्याला तिथल्या तिथे अडवतो. राक्षसाला दहा तोंडे असल्याबद्दल त्याची तक्रार नसते, पण राक्षसाची गुहा जागची हललेली त्याला खपत नाही.

आपल्या मुद्रित बालवाङ्मयाचा आरंभ मात्र भूमीवाचूनच झाला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' या नावाने इसापाच्या कथा मराठीत छापल्या गेल्या, आणि पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी मुंबईत इसापनीती आणि 'बाळमित्र' ही पुस्तके सिद्ध केली, त्यांतले दुसरे बेर्कँ या फ्रेंच ग्रंथकाराच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरून इंग्रजीच्या द्वारे आलेले. इसापाचे वन काय किंवा पंचतंत्र-हितोपदेशातले अरण्य काय, ते कोणत्याच तालुक्यात नसते. तिथे सिंह, कोल्हा आणि कावळा यांची न्यायसभा भरते, आणि न्यायसभेला छप्पर पुरते, झाडांची जात सांगावी लागत नाही. या कथांचे मोल कमी आहे असे मी म्हणत नाही; पण त्यांच्या वाचनाने मुलाच्या मनात जे रान तयार होते ते साऱ्या जगाचे सामाईक रान असते, आणि अव्वल इंग्रजीतल्या क्रमिक पुस्तकांनी बराच काळ त्याच सामाईक रानावर मराठी मुलांची गुजराण केली. 'बालबोधमेवा' हे मासिक १८७२ साली, विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' १८८१ साली, आणि वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ साली पुण्यात सुरू झाले. या मासिकांनी चरित्रे, शास्त्रीय माहिती व मनोरंजन यांची केवढी तरी रास मुलांपुढे घातली, तरी मुलाच्या स्वतःच्या गावाचा ओढा पुस्तकात वाहू लागावयास आणखी काही काळ जावा लागला.

तो ओढा प्रथम कवितेत आला. खानदेशातल्या धरणगावी १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली ती त्यांच्या वयाकडे पाहून, कारण त्यांची कविता मुलांसाठी लिहिलेली नव्हती. परंतु पाठ्यपुस्तकांच्या रचनाकारांनी ती उचलली आणि 'श्रावणमास', 'फुलराणी', 'औदुंबर' या कविता पिढ्यान् पिढ्या मुलांच्या तोंडी बसल्या. माझ्या समजुतीने यात एक विलक्षण गोष्ट घडली: ऊन आणि सर यांचा श्रावणातला लपंडाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने डोळ्यांनी पाहिलेला होता, आणि तोच छापील पानावर, परीक्षेच्या पुस्तकात, सन्मानाने बसलेला त्याला प्रथमच दिसला. आपल्या अंगणात पडणारे ऊन हे वाङ्मयाचा विषय होऊ शकते, एवढे कळणे मुलाच्या दृष्टीने फार मोठे असते. बालकवी १९१८ साली, अवघ्या सत्तावीस वर्षांच्या वयात, भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले.

गद्यात हे कार्य साने गुरुजींनी केले, आणि ते ज्या परिस्थितीत केले तिच्याकडे टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला नेहमी वाटत आले आहे. 'श्यामची आई' ही १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाचच दिवसांत लिहिली गेली, आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. लेखकाच्या भोवती त्या वेळी काय होते? भिंती, बराकी आणि पहारा. दापोली तालुक्यातले पालगड, तिथल्या विहिरी, नारळी-पोफळी, पावसात तुडुंब भरणारे वहाळ, हे सारे त्याला आठवणीतून, एकेक करून, उभे करावे लागले. म्हणूनच या पुस्तकातला निसर्ग कुठेही शोभेसाठी आलेला नाही. तिथे झाड आले की त्याच्याबरोबर एक कर्तव्य येते. दुसऱ्यांच्या हाती लागू नयेत म्हणून मुले कळ्याच खुडून आणू लागतात, तेव्हा फुलाला झाडावर उमलू द्यावे हे आई श्यामला शिकवते. पत्रावळ लावता येत नाही म्हणून त्याला लाज वाटते आणि तो पाने घेऊन बसतो. विहिरीत उडी टाकण्याच्या भयाने तो दडून राहतो, तेव्हा तीच मायाळू आई त्याला बाहेर काढून, प्रसंगी मार देऊन, पोहावयास धाडते. फूल, पान आणि पाणी या तीन गोष्टींशी मुलाचे नाते कसे जुळावे हे सांगणारा दुसरा इतका नेमका ग्रंथ मराठीत मला माहीत नाही. कोकण ज्यांनी पाहिलेले नाही अशा सोलापूरच्या आणि यवतमाळच्या मुलांनीही तो आपला मानला, कारण त्यातले कोकण प्रेक्षणीय स्थळ म्हणून पुढे येत नाही. ते एका मुलाच्या रोजच्या कामाची जागा आहे.

याच पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु अत्र्यांचे या विषयावरचे ऋण तेवढ्यापुरते नाही. त्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने क्रमिक पुस्तकांची भाषा मुलांच्या जवळ आणली. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचा १९५२ सालचा संग्रह त्यांच्याच प्रस्तावनेसह महाराष्ट्रापुढे आला, आणि त्यातला सुगरणीचा खोपा आज जवळजवळ प्रत्येक मराठी मुलाच्या पाठांतरात आहे. आसोद्याच्या निरक्षर शेतकरी बाईने बांधावरच्या झाडाला लोंबणारे घरटे जसे पाहिले तसे ते तिच्या बोलीत सांगितले, आणि ती बोली पाठ्यपुस्तकात शुद्ध करून न घेता तशीच राहू दिली गेली, हे पुढच्या पुस्तककारांच्या शहाणपणाचे द्योतक होय. पुण्याच्या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव देण्यातही अत्र्यांचाच पुढाकार होता. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेला हा बाजार. तो बांधण्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी विरोध केला होता, कारण तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. जोतीरावांकडे मला पुन्हा वळावयाचे आहे.

तत्पूर्वी किल्ल्यांविषयी बोलले पाहिजे, कारण तिथे मराठी बालवाङ्मयाजवळ असे काही आहे की जे इतरत्र क्वचितच सापडेल. योहाना स्पिरीने १८८० साली 'हायडी' लिहिली आणि आल्प्सची कुरणे जगभरच्या मुलांच्या मनात कायमची हिरवी केली. पण ती कुरणे वाचावयाची आणि मनात ठेवावयाची. सह्याद्रीचा डोंगरी किल्ला मराठी मुले वाचतात आणि दर दिवाळीत स्वतःच्या हाताने बांधतात. हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'ने सिंहगडाचा कडा घरोघर नेला, शिवचरित्राच्या असंख्य बालावृत्त्यांनी प्रतापगड, पन्हाळा आणि रायगड यांची नावे मुलांच्या कानी घातली, आणि माची, बुरूज, बालेकिल्ला, चोरवाट, टाके हा सारा गडकोटांचा शब्दसंग्रह आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी खेळू लागला. दिवाळीची सुटी लागली की वाड्याच्या चौकात, आणि आता इमारतीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात, विटा आणि दगड रचले जातात. त्यांवर भिजवलेले गोणपाट पसरतात. चिखलाचा पातळ काला करून तो गोणपाटावर थापतात आणि बोटांनी कडे ओढतात. पायऱ्या करण्यास काड्यापेटीची रिकामी खोकी उपयोगी पडतात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडावे लागते, म्हणजे वसुबारसेपर्यंत किल्ल्यावर खरोखर हिरवळ येते. पेरायला उशीर झालेला किल्ला सणभर बोडका राहतो आणि त्याचे दुःख कर्त्याला पुष्कळ दिवस पुरते. मग कुंभारवाड्यातून किंवा मंडईच्या आसपासच्या दुकानांतून मातीची चित्रे येतात: सिंहासनावरचे महाराज, भालेकरी मावळे, तोफ, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, वासुदेव, आणि गुहेत ठेवावयाचा वाघ. मावळा बुरुजाहून उंच असतो, गवळण तटाच्या बाहेर राहते की आत यावर भांडण होते, आणि पाणी तळ्यात ठरत नाही म्हणून खाली परात पुरावी लागते. वाचलेली भूमी मुलाच्या हातांनी पुन्हा घडवण्याचा हा संस्कार वाङ्मयाच्या इतिहासात नोंदला गेला पाहिजे, असा माझा आग्रह आहे, कारण चढण, खिंड आणि दुर्गमता म्हणजे काय हे त्या मुलांना पुस्तकाहून अधिक त्या चिखलाने शिकवलेले असते. गो. नी. दांडेकरांनी स्वतः पायी गड हिंडून राजमाचीच्या परिसरावर 'माचीवरला बुधा' लिहिली. ती मुलांसाठी नाही, पण ज्याने बालपणी किल्ला केला आहे त्याला ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी सहज उघडते.

भा. रा. भागवतांचा उल्लेख केल्याशिवाय पुण्यातल्या कोणालाही या विषयावर लिहिता येणार नाही. त्यांनी ज्यूल व्हर्नची पाताळे, समुद्र आणि अंतराळ मराठीत आणले, आणि त्याच हाताने बनेश ऊर्फ फास्टर फेणे याला जन्म दिला, तो फुरसुंगीचा. हे गावाचे नाव मला फार महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या आग्नेयेला, सासवड रस्त्याच्या बाजूला असलेले, त्या काळी शेतीवाडीचे हे मौजे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सडपातळ, सायकलवर स्वार झालेला मुलगा तिथला आहे असे म्हणताच त्याच्या सर्व साहसांना एक पत्ता मिळाला. पुढे तो प्रतापगडावर गेला, गुलमर्गला गेला, चक्रीवादळात सापडला. परंतु काश्मीरच्या बर्फातही तो फुरसुंगीचाच राहिला, आणि हजारो वाचकांना वाटले की हडपसरच्या पुढे सायकल दामटली तर तो भेटेल. आज त्याच फुरसुंगीचे आणि शेजारच्या उरुळी देवाचीचे नाव पुणेकर उच्चारतात ते बहुतांशी कचरा डेपोच्या संदर्भात, कारण वर्षानुवर्षे या शहराचा कचरा तिथे नेऊन टाकला गेला आणि तिथल्या विहिरींच्या पाण्याविषयी गावकऱ्यांनी वारंवार गाऱ्हाणे घातले. ज्या गावाने मराठी मुलांना त्यांचा सर्वांत आवडता सवंगडी दिला, त्याच्या वाट्याला आपण हे दिले, याचा मला मनापासून खेद होतो.

विदर्भाच्या अरण्याची कथा वेगळी आहे. किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ साली निघाले आणि शिवनीच्या ज्या रानात त्याने पाऊल ठेवल्याचा दाखला नाही, ते रान जगातल्या मुलांचे सर्वांत परिचित भारतीय अरण्य होऊन बसले. त्या पुस्तकात वाहणारी वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून गोंदिया, भंडारा, गडचिरोली अशी आपल्याच मुलुखातून जाते. आणि तरीही आपल्या मुलांना ती प्रथम भेटली ती इंग्रजीतून परत आलेली. तिच्याच खोऱ्यातल्या नागझिऱ्यात राहून व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्या पाहिल्या आणि १९८२ साली 'सत्तांतर' लिहिले. या दोन पुस्तकांतला फरक मोठ्या मुलांना अवश्य दाखवावा. किपलिंगच्या अरण्यात कायदा आहे, माणसाने सांगावा तसा. माडगूळकरांच्या अरण्यात वानर वानरासारखेच वागतात, मारतात, पिल्ले गमावतात, पळतात, आणि लेखक मध्ये बोलत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत राहून पक्ष्यांची, झाडांची आणि आदिवासींच्या वनज्ञानाची जी संपत्ती मराठीत आणली, तिच्यातून मुलांसाठी अजून कितीतरी पुस्तके निघू शकतील.

आता जोतीराव. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला गेला, आणि त्यात सरकारच्या जंगलखात्याने डोंगर आणि गायराने आपल्या ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांची काय दैना झाली याचे वर्णन आहे. बालवाङ्मयाच्या प्रस्तावनेत त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की डोंगर हा ज्याला सुटीत पाहावयाचा असतो ते मूल आणि डोंगरावर ज्याला रोज गुरे वळावयाची असतात ते मूल, अशी दोन मुले या महाराष्ट्रात सदैव होती, आणि आपल्या पुस्तकांनी बहुतेक वेळा पहिल्याचाच डोळा घेतला. दुसऱ्या मुलाकडे प्रथम पाहिले ते लेखकांनी नव्हे, शिक्षकांनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, कारण गुरे कोण वळणार. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. गुरे चरत आहेत, झाडाखाली मुले बसली आहेत, पाने, बिया, खडे आणि शंख यांनी मोजणी चालली आहे, आणि एखादे वासरू फार दूर गेले तर पाठ तेवढ्यापुरता थांबतो आहे: पाठ्यसाहित्य आणि परिसर यांची इतकी एकरूपता मी अन्यत्र पाहिलेली नाही. पुस्तकात ज्याला पार्श्वभूमी म्हणतात तीच तिथे पाटी होती. अनुताईंचे 'कोसबादच्या टेकडीवरून' हे पुस्तक बालवाङ्मयाच्या कोणत्याही यादीत नसते. ते प्रत्येक बाललेखकाने प्रथम वाचावे अशी माझी विनंती आहे.

पुण्यात १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि १९७१ च्या दिवाळीपासून तिचे 'किशोर' मासिक निघू लागले, तेव्हापासून हे दुसरे मूल छापील पानावर अधिक दिसू लागले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पळसखेडच्या ना. धों. महानोरांचे रान पाठ्यपुस्तकात आले, ज्वारीचे शिवार आले, मोट आणि धाव आली. तरीही नकाशा समोर ठेवून आपली पुस्तके त्यावर मांडली तर कोकण आणि मावळ यांची गर्दी होते, आणि मराठवाड्याचे पठार, तापीकाठची काळी जमीन, माणदेशचा माळ, मिठागरांचा किनारा या जागा विरळ राहतात. माणदेशाला माडगूळकरांची 'बनगरवाडी' लाभली, पण ती मोठ्यांची. दुष्काळी मुलुखात पाऊस न येण्याचाही एक ऋतू असतो; त्या ऋतूत टँकरची वाट पाहत रांगेत घागरी ठेवून तिथेच सागरगोटे खेळणाऱ्या मुलीला आपण श्रावणाची कविता पाठ करावयास देतो, ती ती करतेही, परंतु तिच्या आभाळाचे वर्णन तिला कुठेच वाचावयास मिळत नाही.

दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही निघतात. या मुलांना दोन भूमी ठाऊक असतात: एक कोरडी, आपली, आजी-आजोबांना सोपवून आलेली, आणि दुसरी हिरवी, परक्याची, पाचटाच्या खोपीतून दिसणारी. पहाटेच्या धुक्यात उसाचा फड कसा दिसतो, कोयत्याचा आवाज किती लांबून येतो, बैलगाडीवर मोळ्यांच्या राशीवर बसून कारखान्याकडे जाताना रस्त्यावरची कोणती झाडे डोक्याला लागतात, हे त्यांच्याइतके बारकाईने सांगणारे दुसरे कोणी असणे शक्य नाही. साखरशाळांत शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे की त्यांनी ही मुले बोलू लागली की हाताशी वही ठेवावी, त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या बोलीत लिहून घ्यावे, गावांची, नाल्यांची आणि झाडांची नावे ती सांगतील तशीच राहू द्यावीत, आणि त्या वह्या प्रकाशकांपर्यंत पोहोचवाव्यात.

मंडई, पुणे